विवरणपत्र आपल्याच हाताने भरावे

जुलै महिना लागला की पगारदार मध्यमवर्गात दरवर्षीची धावपळ सुरू होते. कचेरीतून मिळालेला फॉर्म १६ ओळखीच्या करसल्लागाराकडे द्यायचा, आयकर खात्याच्या संकेतस्थळाचा पासवर्डही त्याच्याच स्वाधीन करायचा आणि ‘परत किती मिळतील?’ एवढा एकच प्रश्न विचारून मोकळे व्हायचे. जो शिक्षक महागाई भत्त्याच्या थकबाकीचा हिशेब पै न् पै मांडतो, जो कामगार कार्यकर्ता कंपनीच्या ताळेबंदातला नफा हुडकून बोनसची मागणी करतो, तोच स्वतःच्या कराच्या कागदापुढे मात्र निरक्षर होऊन बसतो. या निरक्षरतेची किंमत त्याचे घर मोजते आणि सार्वजनिक जीवनही मोजते.

प्रथम घराचा विचार करू. नोकरदार कुटुंबाच्या बाबतीत आयकर घरावर बसत नाही, व्यक्तीवर बसतो. मिळवत्या प्रत्येक माणसाचे विवरणपत्र वेगळे. पतीने आपल्या पैशाची ठेव पत्नीच्या नावाने ठेवली म्हणून तिच्या व्याजावरील कर टळत नाही. ते व्याज पतीच्याच उत्पन्नात मिळवले जाते. उलट पत्नीचे स्वतःचे उत्पन्न असेल तर त्याची जबाबदारी कायद्याने तिची आहे. प्रत्यक्षात मात्र असंख्य घरांत पत्नीचा पॅन क्रमांक, पासवर्ड आणि विवरणपत्र हे सारे पतीच्या किंवा सल्लागाराच्या हाती असते. समतेवर व्याख्याने देणाऱ्यांच्या घरातही हे चित्र क्वचितच निराळे असते.

दुसरा गैरसमज ‘बारा लाखांपर्यंत काही करावे लागत नाही’ हा. २०२५-२६ या आर्थिक वर्षासाठी नव्या करपद्धतीत १२ लाखांपर्यंतच्या सर्वसाधारण उत्पन्नावर कर शून्य होतो. पगारदाराला ७५ हजारांची प्रमाणित वजावट मिळून ही मर्यादा १२ लाख ७५ हजारांवर जाते. परंतु हे शून्य करसवलतीमुळे येते. मूळ करमुक्त मर्यादा ४ लाखांचीच आहे. उत्पन्न तिच्या पुढे गेले की कर शून्य असला तरी विवरणपत्र भरणे बंधनकारक ठरते.

आता एक साधे गणित मांडू. एखाद्या माध्यमिक शिक्षकाचा वर्षाचा पगार १४ लाख आहे. नव्या पद्धतीत करपात्र उत्पन्न १३ लाख २५ हजार, त्यावर कर ७८,७५० रुपये आणि ४ टक्के उपकरासह ८१,९०० रुपये. जुन्या पद्धतीत प्रमाणित वजावट ५० हजार, व्यवसाय कर अडीच हजार, विमा-भविष्यनिर्वाह निधीचे दीड लाख, गृहकर्जावरील व्याजाचे दोन लाख आणि निवृत्तिवेतन योजनेतील जादा ५० हजार अशा सर्व वजावटी घेतल्या तरी कर उपकरासह १,०६,०८० रुपये होतो. म्हणजे ‘कर वाचविण्यासाठी’ मार्च महिन्यात घाईघाईने घेतलेल्या विमा पॉलिसीने त्याचा एक रुपयाही कर वाचलेला नाही. मुंबईत भारी भाडे भरणाऱ्याचे गणित कदाचित उलट येईल. कोणते गणित आपले, हे स्वतः आकडे मांडल्यावाचून कळत नाही, आणि विमा विकणारा ते सांगायला बांधलेला नाही.

मुदतीचे महत्त्व येथेच आहे. पगारदारांसाठी सर्वसाधारण मुदत ३१ जुलै. २०२५ साली ती १५ सप्टेंबरपर्यंत आणि अखेर आणखी एक दिवस वाढविण्यात आली; पण अपवादावर विसंबून घर चालविता येत नाही. मुदतीनंतर ३१ डिसेंबरपर्यंत विवरणपत्र भरता येते, परंतु उत्पन्न ५ लाखांवर असेल तर ५,००० रुपये आणि त्याखाली १,००० रुपये विलंबशुल्क पडते. देणे राहिलेल्या करावर दरमहा एक टक्का व्याज लागते. त्याहून मोठे नुकसान असे की, जुनी करपद्धती निवडण्याचा पगारदाराचा हक्कच मुदतीबरोबर संपतो. विवरणपत्र भरल्यावर त्याची पडताळणीही ३० दिवसांत करावी लागते. ती लांबली तर पडताळणीचा दिवस हाच भरल्याचा दिवस धरला जातो आणि वेळेत केलेले काम मुदतीबाहेर जाते.

हे काम अवघड आहे काय? पगार, निवृत्तिवेतन आणि बँकेचे व्याज एवढेच उत्पन्न असणाऱ्याला नाही. ५० लाखांपर्यंतच्या अशा उत्पन्नासाठी ‘सहज’ हा फॉर्म आहे आणि खात्याच्या संकेतस्थळावर तो विनामूल्य भरता येतो. फॉर्म १६ मालकाने १५ जूनपर्यंत द्यावयाचा असतो. तो, वर्षभराचे वार्षिक माहिती विवरण आणि बँकेची पासबुके शेजारी ठेवून आकडे ताडून पाहिले की बहुतेक काम संपते. सर्वांत अधिक चुका व्याजाच्या बाबतीत होतात. बँकेने १० टक्के कापले म्हणजे कर फिटला असे मानले जाते. ज्याचा दर १५ किंवा २० टक्के आहे त्याचे देणे उरतेच. धंदा, घराची विक्री, शेअरांचे व्यवहार असतील तर जाणकाराचा सल्ला जरूर घ्यावा. तेव्हाही सही करण्यापूर्वी प्रत्येक आकडा समजावून घ्यावा, कारण सत्यतेची ग्वाही करदाता देत असतो, सल्लागार नव्हे.

या ग्वाहीचा अर्थ जुलै २०२५ मध्ये अनेकांना कळला. राजकीय पक्षांना देणग्या, वैद्यकीय खर्च अशा खोट्या वजावटी दाखवून परतावा मिळवून देणाऱ्या मध्यस्थांविरुद्ध आयकर खात्याने देशभर सुमारे १५० ठिकाणी तपासणी केली. असे मध्यस्थ परताव्यातील टक्केवारी घेऊन निघून जातात. नोटीस मात्र करदात्याच्या दारी येते, आणि उत्पन्न खोटे सांगितल्याबद्दलचा दंड बुडविलेल्या कराच्या दुप्पट होऊ शकतो. सार्वजनिक पैशाची चोरी ती चोरीच, मग ती करणारा उद्योगपती असो वा कारकून.

याच्या नेमक्या उलट बाजूला कंत्राटी माणूस उभा आहे. तासिका तत्त्वावर शिकविणाऱ्या किंवा कंत्राटावर काम करणाऱ्या अनेकांच्या मानधनातून ‘व्यावसायिक शुल्क’ या सदराखाली १० टक्के कर कापला जातो. महिना २५ हजार मिळविणाऱ्याचे वर्षाला ३० हजार रुपये असे सरकारजमा होतात. त्याचे उत्पन्न ३ लाख. त्यावर कर काहीच नाही. पण विवरणपत्र भरल्याशिवाय ही रक्कम परत मिळत नाही. अशा माणसाला ‘सहज’ चालत नाही, दुसरा फॉर्म भरावा लागतो, आणि सल्लागाराच्या फीच्या धास्तीने तो तो भरतच नाही. सव्वा महिन्याच्या कमाईवर असे पाणी सोडणाऱ्याला मदत करणे हे संघटनेचे काम नव्हे, तर कोणाचे?

आता व्यापक प्रश्नाकडे वळू. २०२३-२४ साली वैयक्तिक आयकराचे निव्वळ उत्पन्न १० लाख कोटी रुपयांच्या वर गेले. कंपन्यांवरील कराचे सुमारे ९ लाख कोटी होते. संपत्ती कर २०१५ च्या अर्थसंकल्पाने रद्द झाला. सप्टेंबर २०१९ मध्ये सवलती सोडणाऱ्या कंपन्यांचा मूळ दर ३० वरून २२ टक्क्यांवर आणि नव्या उत्पादक कंपन्यांचा १५ टक्क्यांवर आणला गेला. हे योग्य की अयोग्य, यावर मत देण्याचा अधिकार प्रत्येकाला आहे. परंतु स्वतःचा कर किती आणि कोणत्या दराने गेला हेच ज्याला ठाऊक नाही, त्याच्या मताला धार कोठून येणार?

महाराष्ट्राला तर कर आणि त्याचा विनियोग यांचे नाते नव्याने शिकविण्याची गरज नाही. १९७५ साली या राज्याने व्यवसाय कर बसविला तो रोजगार हमी योजनेसाठी. शहरातल्या पगारदाराने दरमहा द्यावे आणि दुष्काळी तालुक्यातल्या मजुराला हक्काचे काम मिळावे, असा तो करार होता. आज पगारपत्रकातील दोनशे रुपयांच्या त्या रकान्यामागचा हा इतिहास किती जणांना माहीत आहे?

म्हणून कार्यकर्त्यांनी जून महिन्यातच कामाला लागावे. प्रथम आपले विवरणपत्र आपण भरावे, घरातील मिळवत्या स्त्रीने तिचे भरावे, आणि मग युनियनच्या कचेरीत, शाळेच्या वर्गात रविवारी दोन तास बसून इतरांना, विशेषतः कंत्राटी सहकाऱ्यांना, ते भरायला शिकवावे. सरकारकडे हिशेब मागणाऱ्याला आपला हिशेब स्वतः मांडता आला पाहिजे.