पहिलीतल्या पोराला वाचता येत नाही, हा चळवळीचा प्रश्न आहे



वर्षावासाच्या तीन महिन्यांत आमच्या शिरोळ तालुक्यातल्या विहारांत संध्याकाळी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथाचं वाचन चालतं. एक जण वाचतो, बाकीचे ऐकतात. बारकी पोरं गोंधळ घालतात म्हणून त्यांना बाहेर पिटाळलं जातं. आम्हीही पिटाळलं आहे, खोटं कशाला बोला. गेल्या पावसाळ्यात अशीच बाहेर काढलेली तिसरीतली एक मुलगी पायरीवर बसून शाळेचं पुस्तक मोठ्यानं वाचत होती. कौतुक वाटलं. जवळ जाऊन बघितलं तर बोट एका ओळीवर आणि तोंडात भलतीच ओळ. पान पाठ होतं. आम्ही चित्रावर हात ठेवला आणि मधल्याच एका शब्दावर बोट ठेवून विचारलं, हे काय? शब्द होता 'विहीर'. तिनं दारावरच्या पाटीकडे बघितलं आणि म्हणाली, "विहार."

त्याच मुलीनं नंतर एक भीमगीत तीन कडव्यांसकट म्हणून दाखवलं. ताल चुकला नाही, शब्द गळला नाही. म्हणजे कान शाबूत, जीभ शाबूत, स्मरणशक्ती आपल्यापेक्षा बरी. तीन वर्षं ती रोज शाळेत जाते. तरी तोंडातला आवाज आणि कागदावरचं अक्षर यांची गाठ तिला कुणी घालून दिलेली नाही.

'वाघिणीचं दूध' आपण प्रत्येक जयंतीच्या फ्लेक्सवर छापतो. पण १२ मार्च १९२७ रोजी बाबासाहेब मुंबई कायदे कौन्सिलात शिक्षणाच्या अनुदानावर काय बोलले, हे आपल्यातल्या किती जणांनी वाचलं आहे? त्यांनी तिथं हिशेब मांडला. प्राथमिक शाळेत आलेल्या शंभर मुलांतली अठराच चौथीपर्यंत पोहोचतात, उरलेली ब्याऐंशी पुन्हा निरक्षर होतात. शाळेत आलेलं मूल आयुष्यभर टिकेल एवढं साक्षर होऊनच बाहेर पडलं पाहिजे, प्राथमिक शिक्षणाचा हेतूच तो आहे, असं त्यांचं म्हणणं होतं. बाबासाहेब तिथं कॉलेज मागत नव्हते. पोराला लिहिता-वाचता आलं की नाही, हे विचारत होते.

आता आजचा हिशेब. असरच्या २०२४ च्या पाहणीत ग्रामीण भारतातल्या सरकारी शाळांमधल्या तिसरीच्या मुलांपैकी २३.४ टक्के मुलांना दुसरीचा उतारा वाचता आला. २०२२ मध्ये हा आकडा १६.३ टक्के होता, म्हणजे सुधारणा आहे. तरीही शंभरातली सत्त्याहत्तर मुलं बाहेरच. बाबासाहेबांचा आकडा आणि हा आकडा वेगवेगळ्या गोष्टी मोजतात, हे मान्य. पण तेव्हा पोरं शाळा सोडून गळत होती, आता वर्गात बसूनच गळतात. हजेरी लागते, खिचडी मिळते, पुढच्या वर्गात ढकललं जातं, आणि नववीत गणिताच्या तासाला समजतं की पोराला प्रश्नच वाचता येत नाही. आपली चळवळ जागी होते ती त्याच्याही पुढं, शिष्यवृत्तीच्या फॉर्मला. तोवर निम्मी पोरं सेंट्रिंगच्या कामावर गेलेली असतात.

राजर्षी शाहू महाराजांनी १९१७ मध्ये प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं. मूल शाळेत न पाठवणाऱ्या आईबापाला दरमहा एक रुपया दंड ठेवला. शिरोळ तेव्हा त्यांच्याच संस्थानात होतं. आता आईबाप पोरगं पाठवतात. उसाच्या फडावर जाण्याआधी त्याची वेणीफणी, भांगपट्टी करून पाठवतात. पाठवूनही वाचायला येत नसेल तर दंड कुणाला करायचा?

यावर शाळेतून एक ठरलेलं उत्तर येतं: "घरात वातावरण नाही हो." तालुक्यातल्या एका शाळेत आम्हाला हे तोंडावर ऐकवलं गेलं, वर "तुमच्या वस्तीतल्या पोरांचं" हा प्रत्यय जोडून. समाजशास्त्राच्या वर्गात आम्ही बोर्द्यूचं 'सांस्कृतिक भांडवल' परीक्षेपुरतं पाठ केलं होतं, ते अशा ठिकाणी नीट समजलं. ज्या घरात पेपर येतो, त्या घरातलं पोर अर्धं वाचन शिकूनच शाळेत येतं आणि श्रेय शाळा घेते. ज्या घरात येत नाही, तिथल्या पोराचं अपयश मात्र घराच्या नावावर. मग शाळेनं नेमकं केलं काय?

अक्षरांचा तक्ता आठवा. ऋषीचा ऋ, यज्ञाचा ज्ञ, क्षत्रियाचा क्ष, आणि जुन्या तक्त्यांवर भटजीचा भ. यावर आपण बरंच लिहिलं, बोललो, ते बरोबरच होतं. पण 'भीमाचा भ' केला की काम झालं असं समजणारेही आपल्यात आहेत. चित्र बदललं, शिकवणं तेच राहिलं. पोर आता भटजीऐवजी भीमाचं चित्र बघून 'भ' म्हणतं, अक्षर बघून नाही.

खरी अडचण आपल्या लिपीत कुठं आहे ते सांगतो. टाळ्या वाजवत 'शिरोळ' म्हणा. शि-रोळ, टाळ्या दोन. लिहा, अक्षरं तीन. शेवटच्या 'ळ'मधला 'अ' आपण बोलताना गिळतो, पण लिपी ते दाखवत नाही. 'कमळ', 'बदक', 'अननस' सगळीकडे तेच. पोर एकेक अक्षर सुटं म्हणतं, क-म-ळ, आणि ती सुटी अक्षरं जोडून शब्द होतच नाही. तो शब्द आधी कानावरून गेलेला असावा लागतो. भाकरी, कोयता, मोळी हे शब्द पोराला माहीत आहेत, म्हणून अर्ध्यावर आलं तरी पुढचं जुळतं. शहामृग कधी ऐकलाच नसेल तर काय जुळणार? म्हणून वस्तीतल्या पोराला वस्तीतलेच शब्द आधी द्यायचे. ही काही भावनेची गोष्ट नाही, लिपीच तशी आहे. २०१९ च्या पुरात छावणीत राहिलेल्या कुरुंदवाडच्या पोराला 'पूर', 'नाव', 'छावणी' कुणी समजावून सांगावं लागत नाही.

आणखी एक फास. 'शि' लिहिताना वेलांटी आधी येते, आवाज नंतर. 'चूल' आणि 'चहा' यांतला च एकच, आवाज दोन. हे मुद्दाम दाखवून, खेळून घ्यावं लागतं. न दाखवता पोरानं ओळखावं ही अपेक्षा, आणि नाही ओळखलं की ते 'ढ'.

यापेक्षा वाईट एक गोष्ट होते. पोर फळ्यावरचं 'पाणी' बघून 'पानी' म्हणतं. 'शाळा' बघून 'साळा' म्हणतं. वर्ग हसतो, गुरुजी थांबवतात, पुन्हा म्हण म्हणतात. अरे, पोरानं वाचलं की! अक्षर ओळखलं, शब्द ओळखला, अर्थ ओळखला, आणि आपल्या आईच्या तोंडचा उच्चार केला. तुम्ही वाचन तपासताय की जात? तो ण पुढं सावकाश येईल. पण दोनदा हसं झालेलं पोर तिसऱ्यांदा तोंड उघडत नाही, आणि तोंड न उघडता वाचायला शिकता येत नाही.

हे सगळं आमच्या डोक्यातून निघालेलं नाही. फलटणमध्ये मॅक्सीन बर्नसन या अमेरिकेतून येऊन भारतीय झालेल्या बाईंनी दलित वस्तीतल्या, शाळेनं टाकून दिलेल्या मुलांना वाचायला शिकवण्यापासूनच सुरुवात केली. फलटणची बोली हा त्यांच्या पीएच.डी.चा विषय होता, म्हणून उच्चार आणि वाचन यांतला फरक त्यांना कळत होता. प्रगत शिक्षण संस्थेत त्यांनी सगळी वर्णमाला एकदम न लादता अक्षरांचे छोटे गट केले, त्या गटातून लगेच खरे शब्द. न्यूझीलंडमध्ये सिल्व्हिया ॲश्टन-वॉर्नर यांनी माओरी मुलांना रोज सकाळी 'तुला आज कोणता शब्द हवा' असं विचारून तोच कार्डावर लिहून दिला. त्यांचं 'टीचर' हे पुस्तक १९६३ चं. आणि ताराबाई मोडकांनी १९४५ नंतर बोर्डीत, वाड्यातली मुलं बालवाडीत येत नाहीत म्हटल्यावर बालवाडीच वाड्याच्या अंगणात नेली. आपल्याकडं तर अंगणाच्या पुढं विहार बांधलेला आहे, वर पत्रा आहे, लाईट आहे.

मग आम्ही काय केलं? क, म, ल, ब आणि काना. एवढ्यात बाबा, काका, मामा, काम, माल, लाल, कमाल हे सगळे शब्द होतात. 'बाबा' वाचलं की वस्तीतलं पोर आधी भिंतीवरच्या तसबिरीकडे बघतं, मग घरातल्या बापाची आठवण काढतं. मग पाठ असलेल्या गाण्याचं एक कडवं कागदाच्या मोठ्या पट्टीवर लिहायचं, म्हणत म्हणत प्रत्येक शब्दावर बोट ठेवायचं, नंतर पट्टीचे तुकडे कापून शब्द हलवून टाकायचे आणि पोरांनी ते पुन्हा लावायचे. पाठांतर तिथं संपतं आणि वाचन सुरू होतं. तिसऱ्या आठवड्यात पोरांनी स्वतःचं जुळवलं: "आई गेली भांगलायला, बाळ लागलं रांगायला." ते आम्ही लिहून लावलं. ज्यानं जुळवलं तो दिवसातून दहा वेळा येऊन वाचून जातो. कविता म्हणजे मागच्या बाकावर बसून कोरसमध्ये ओरडायची गोष्ट नाही, हे त्या पोराला कळलं.

आपलेच काही मित्र म्हणतील, मराठीत कशाला अडकता, पोरांना इंग्रजी शाळेत घाला, तिथं फोनिक्स शिकवतात. सावित्रीमाईंनी १८५४ च्या 'काव्यफुले'तच इंग्रजी शिका म्हणून सांगितलं, आम्ही त्यांच्या पुढं जाऊन काय बोलणार! पण मजूर बाई आठवडी पगारातून फी काढते आणि तिच्या पोराला सव्वीस अक्षरांचे चव्वेचाळीस आवाज शिकवले जातात, तेही ज्या भाषेत त्याला एक शब्द बोलता येत नाही. ज्याला एका भाषेत आवाज आणि अक्षराची गाठ कळली, त्याला दुसऱ्या भाषेत ती लवकर कळते. इंग्रजी पाहिजेच. मराठीचा पाया मोडून येणारी इंग्रजी मात्र दुकानदाराची आहे. आणि ज्यांनी २०२५ मध्ये पहिलीपासून हिंदी नको म्हणून राज्य डोक्यावर घेतलं, जी. आर. मागं घ्यायला लावला, त्यांना जिल्हा परिषदेच्या पहिलीत मराठी तरी वाचता येते का, हे विचारावंसं कधी वाटलं नाही.

"हे सरकारचं काम आहे, तुम्ही फुकट करून सरकारला मोकळं सोडताय," असाही आक्षेप येतो. तो खरा आहे, म्हणून विहारातला वर्ग पुरेसा नाही. शिक्षण हक्क कायद्यानं शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश पालक ठेवले, त्यात वंचित घटकांना प्रमाणात जागा दिली. आपले आईबाप कागदावर तिथं आहेत, सह्या करतात आणि चहा पिऊन येतात. त्यांनी एकच प्रश्न विचारायचा: दुसरीतल्या प्रत्येक मुलाला न पाहिलेल्या पाच ओळी वाचता येतात का? येत नसतील तर कुणाकुणाला, आणि त्यासाठी या महिन्यात काय करणार? उत्तर इतिवृत्तात लिहून घ्यायचं. याच तालुक्यातल्या हेरवाडनं मे २०२२ मध्ये विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि राज्य सरकारला त्यावर परिपत्रक काढावं लागलं. ग्रामपंचायतीच्या ठरावात किती ताकद असते हे शिरोळला कुणी शिकवायला नको. वाचनाचा ठराव कुठल्या गावानं करायचा, एवढंच ठरायचं आहे.

अण्णाभाऊ साठे दीड दिवस शाळेत गेले, असं आपण भाषणात टाळ्यांसाठी सांगतो. वामनदादा कर्डकांना लहानपणी शाळा मिळाली नाही, मोठेपणी मुंबईत ते वाचायला शिकले. वाटेगावच्या त्या शाळेत उरलेले दिवस अण्णाभाऊंचं काय झालं असतं, हा प्रश्न टाळ्यांत बुडतो. सगळ्याच पोरांत अण्णाभाऊंची जिद्द नसते, असायची गरजही नाही.

यंदाच्या जयंतीची वर्गणी जमेल तेव्हा डीजेचा हिशेब आधी होईल, हे आम्हाला माहीत आहे. त्यातून चित्रांच्या गोष्टींची पुस्तकं, तीन फळे आणि पट्ट्यांचा जाड कागद बाजूला काढा. ग्रंथवाचनाआधी अर्धा तास पोरांचा ठेवा. ज्यांना शक्य आहे त्यांनी आपापल्या वस्तीतल्या दुसरी-तिसरीच्या पोरांना एकेक करून बसवून बघा, चित्र झाकून. मग बोलू.

ती पायरीवरची मुलगी आता 'विहार' आणि 'विहीर' ओळखते. 'वि'पाशी थांबते, बोट 'ह'वर नेते, काना आहे की वेलांटी ते बघते आणि मग म्हणते. अजून वेळ लागतो तिला. ग्रंथवाचन सुरू झालं तरी ती आत बसून राहते आणि तिला बाहेर जा म्हणायचं कुणाला आठवत नाही.