रेल्याची पावले कोण लिहिणार?

भामरागड-एटापल्लीकडच्या आम्हा माडियांच्या रेल्याची गाणी लिहून घ्यायला माणसे येतात. वह्या भरून गाणी जातात. पाय मात्र कोणी लिहून नेत नाही. पाय कसे लिहिणार, असे आपण विचाराल.

लिहिता येतात! रुडॉल्फ लाबान ह्याने 1928 साली नृत्याची लिपी प्रसिद्ध केली. तीन उभ्या रेघा, मधल्या रेघेच्या उजवीकडे उजवे अंग, डावीकडे डावे. वाचायचे खालून वर. खुणेच्या आकारावरून दिशा समजते, लांबीवरून वेळ. निजिन्स्कीने 1912 मध्ये बसवलेला एक बॅले त्याने स्वतःच्या खुणांनी लिहून ठेवला होता. अ‍ॅन हचिन्सन गेस्ट ह्या नर्तकीने सहकारिणीसह त्या खुणा उलगडल्या आणि तो लाबानच्या लिपीत आणला.

आपल्या मराठीतली गोष्ट पाहा. तंजावूरच्या दुसऱ्या सरफोजीराजांनी (राज्यकाळ 1798 ते 1832) नृत्यासाठी मराठी निरूपणे रचली. एकेका निरूपणात 18 रचना! हस्तलिखिते सरस्वती महाल ग्रंथालयात टिकली. मुंबईच्या आचार्य पार्वतीकुमारांनी ती अभ्यासून रंगमंचावर आणली. पण हाती आले ते शब्द. नृत्य त्यांना नव्याने बसवावे लागले. राजाच्या दरबारी ही गत, तर आमच्या गोटुलाचे काय?

मोबाईलवर चित्रण करा, असे मित्र म्हणतात. जरूर करावे. पण चित्रणात एका रात्रीचा, एका बाजूने दिसलेला नाच येतो. कोणाचा पाय चुकला आणि कोणाचा तसाच पडायचा होता, हे त्यातून उमगत नाही. शिवाय चित्रण होते ते बहुधा स्नेहसंमेलनातल्या रेल्याचे. तिथे सरळ रांग, तोंडे प्रेक्षकांकडे. आमचा रेला गोल फिरतो. आणखी काही वर्षे असेच चालले, तर धाकट्या पोरींना रांगच खरी वाटेल.

लिहिले की नाच गोठतो, हा आक्षेप मला पटत नाही. भातखंड्यांनी चिजा स्वरलिपीत लिहिल्या म्हणून ख्याल गोठला नाही.

मी आजीला विचारले, आधी कोणता पाय? तिला सांगता येईना. ती उठली, माझा हात धरून चालू लागली आणि तिसऱ्या पावलाला म्हणाली, "हा." आमच्या घरात कॉलेजात आलेली मी पहिलीच, तिचा पाय कागदावर कोण आणणार?

ही लिपी इंग्रजी पुस्तकांतून शिकावी लागेल, आणि आम्हा कला शाखेवाल्यांना रेघांची धास्ती! तरी आमच्यातल्या दोघा-तिघांनी शिकावी. आरंभी एकाच गावचा एक रेला लिहावा, वर गावाचे नाव घालावे. शेजारच्या गावी पावले तशीच पडतात का, हे मग ताडून पाहता येईल.