पुराव्यावाचून विकले जाणारे बळ

ठाणे-बेलापूर रस्त्याच्या एका अंगास बोनकोडे गावठाण आणि त्याला वेढून वाढलेली कोपरखैरण्याची वसाहत, आणि दुसऱ्या अंगास तो विस्तीर्ण औद्योगिक पट्टा, ज्यात रबाळ्यासारख्या ठिकाणी जिवंत पेशींकडून औषधी प्रथिने तयार करून घेण्याचे अत्यंत जोखमीचे आणि शिस्तीचे काम चालते, अशी या भागाची रचना आहे. १९७० साली नवी मुंबई वसविणाऱ्या सिडकोची स्थापना झाली, गावोगावची भातशेती संपादनात गेली, आणि बांधावर व खाडीत राबून जे शरीर पूर्वी आपोआप कमावले जात असे ते कमावण्यासाठी पुढच्या पिढीस व्यायामशाळेची वाट धरावी लागली. पहाटे उठून घाम गाळणारा आणि वर्षानुवर्षांच्या मेहनतीने शरीरसौष्ठवाच्या 'श्री' स्पर्धेच्या मंचापर्यंत पोहोचण्याची आकांक्षा बाळगणारा तरुण हा या शहराच्या अभिमानाचाच विषय होय. म्हणूनच वृद्धिकारक पेप्टाइडांच्या ज्या कुप्या आज आंतरजालावरून मागवता येतात आणि ज्यांच्या जाहिराती अशाच तरुणावर नेम धरून केलेल्या असतात, त्यांच्या पाठीशी पुरावा किती आणि कोणत्या प्रतीचा आहे याची जाहीर शहानिशा होणे आम्हांस अगत्याचे वाटते.

या कुप्यांपैकी सर्वांत अधिक गाजावाजा झालेली म्हणजे 'पीईजी-एमजीएफ'. तिच्या मुळाशी असलेले संशोधन खरे आहे, प्रामाणिक आहे, आणि त्याचा अनादर करण्याचा आमचा मुळीच हेतू नाही. आपल्या शरीरात 'आयजीएफ-१' नावाचे सत्तर अमिनो आम्लांचे एक वृद्धिकारक प्रथिन असते. ते घडविणारे जनुक एकच असले तरी त्याच्या संदेशाची जुळणी निरनिराळ्या रीतींनी होते, आणि ताण पडलेल्या स्नायूत यांपैकी एक विशिष्ट जुळणी वाढते, असे लंडन येथील प्राध्यापक जेफ्री गोल्डस्पिंक आणि त्यांचे सहकारी यांनी १९९६ च्या सुमारास दाखविले. त्यांनी त्यास 'मेकॅनो ग्रोथ फॅक्टर' असे नाव दिले. या जुळणीच्या शेवटास चोवीस अमिनो आम्लांचा एक निराळा तुकडा येतो, आणि तोच तुकडा प्रयोगशाळेत कृत्रिम रीतीने बनवून, तो रक्तात लवकर तुटू नये म्हणून त्यास पॉलिएथिलीन ग्लायकॉलची जोड देऊन, 'स्नायूवर्धक' म्हणून विकला जातो.

मूळ संशोधनाने काय सिद्ध केले आणि काय केले नाही, हे येथे सावकाश पाहिले पाहिजे. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात तरुण आणि वृद्ध पुरुषांकडून वजनाचा व्यायाम करवून अडीच तासांनी त्यांच्या मांडीच्या स्नायूचा सूक्ष्म अंश तपासण्यात आला, तेव्हा तरुणांत या जुळणीचा जनुकीय संदेश वाढलेला आढळला आणि वृद्धांत तसा आढळला नाही. यावरून उतारवयातील स्नायूक्षयाविषयी एक मोलाचा प्रश्न उभा राहिला हे निःसंशय. परंतु संदेश वाढला म्हणजे त्यापासून प्रथिन बनले, प्रथिन बनले म्हणजे त्याचे शेपूट सुटे होऊन हिंडू लागले, आणि ते सुटे शेपूट बाहेरून टोचले असता स्नायू वाढतो, ही जी पुढची प्रत्येक पायरी आहे ती त्या अभ्यासाने चढलेली नव्हती. मानवी शरीरात हे चोवीस आम्लांचे पेप्टाइड स्वतंत्रपणे वावरते असे आजतागायत निर्विवादपणे दाखविले गेलेले नाही, आणि ते पेशीवरील कोणत्या ग्राहकास जाऊन चिकटते हेही निश्चित झालेले नाही.

विक्रेते ज्या आकड्याचा सर्वांत अधिक हवाला देतात तो उंदरांचा: तीन आठवड्यांत स्नायूतंतूंच्या आडव्या छेदाच्या क्षेत्रफळात सुमारे पंचवीस टक्के वाढ. पण त्या उंदरांच्या स्नायूत टोचण्यात आले होते ते संपूर्ण जनुक, म्हणजे ज्यापासून पूर्ण 'आयजीएफ-१' देखील बनते ते. कुपीतील चोवीस आम्लांचे पेप्टाइड नव्हे. एका पदार्थाची परीक्षा घ्यावी आणि प्रशस्तिपत्र दुसऱ्याच्या नावे लिहावे, असा हा व्यवहार होय, आणि आमच्या मते या सर्व प्रकरणातील सर्वांत गंभीर कसूर हीच आहे. पेशींच्या बशीत या पेप्टाइडाने स्नायूपेशींची संख्या वाढल्याचे २००२ मध्ये नमूद झाले, आणि २००५ मध्ये जर्बिल नावाच्या प्राण्याच्या मेंदूचा रक्तपुरवठा तोडून केलेल्या प्रयोगात त्याच्या सुधारित रूपाने मेंदूपेशींचे रक्षण झाल्याचेही नमूद झाले. या नोंदी आशादायक होत्या यात शंका नाही.

मग २०१४ साल उजाडले. नोव्हार्टिस या औषधकंपनीच्या संशोधकांनी, ज्यांना असे औषध खरोखर सापडले असते तर आनंदच झाला असता, हे पेप्टाइड उंदरांच्या आणि माणसांच्या स्नायूपेशींवर पुन्हा काळजीपूर्वक तपासले. पेशींची संख्या वाढली नाही आणि त्यांच्या परिपक्व होण्यातही काही फरक पडला नाही. उलट त्याच प्रयोगात पूर्ण 'आयजीएफ-१' ने मात्र आपले अपेक्षित कार्य बजावले. म्हणजे प्रयोगाची रीत सदोष होती असे म्हणण्यासही जागा राहिली नाही. एका प्रयोगशाळेचे अनुकूल निष्कर्ष दुसऱ्या स्वतंत्र प्रयोगशाळेत न टिकणे ही विज्ञानात लाजेची गोष्ट नसून नित्याची गोष्ट आहे. लाजेची गोष्ट ही की, त्यानंतरही बाजारातील जाहिरातीचे एक अक्षर बदलले नाही. निरोगी माणसाच्या स्नायूंवर या कुपीचा परिणाम तपासणारी नियंत्रित चाचणी आजपर्यंत प्रसिद्ध झालेली नाही.

वृद्धिकारक प्रथिनात फेरफार करून त्याचे आयुष्य वाढविण्याची कल्पनाच चुकीची, असे मात्र कोणी समजू नये. कर्करोगावरील रसायनोपचारानंतर रक्तातील पांढऱ्या पेशी घटतात, त्या वाढविणाऱ्या 'जी-सीएसएफ' या वृद्धिकारकास तीच पॉलिएथिलीन ग्लायकॉलची जोड देऊन 'पेगफिलग्रास्टिम' तयार झाले, आणि २००२ मध्ये अमेरिकेत त्यास मान्यता मिळाली. परंतु त्याआधी स्तनाच्या कर्करोगाच्या रुग्णांवर दोन मोठ्या चाचण्या झाल्या, एकीत ३१० आणि दुसरीत १५७ रुग्ण होते, आणि रोज सुमारे अकरा दिवस घ्यावयाच्या जुन्या औषधाची बरोबरी दर फेरीस एकच टोचणी करते हे त्यांत मोजून दाखविले गेले. आज खारघरच्या 'ॲक्ट्रेक'सारख्या कर्करोग-संस्थांत रोग्याला अशी टोचणी मिळते तेव्हा तिच्यामागे हा सारा दाखला असतो. रेणूस ग्लायकॉल जोडणे ही रसायनशाळेची करामत झाली, तिने पुरावा आपोआप जोडला जात नाही.

मान्यता मिळालेल्या वृद्धिकारकासही किती सावधपणे वागवावे लागते, याचे उदाहरण 'बेकाप्लर्मिन' या मलमाचे आहे. मधुमेह्यांच्या पायावरील जखमांसाठी ते १९९७ मध्ये अमेरिकेत मान्य झाले. २००८ मध्ये, तीन किंवा अधिक नळ्या वापरणाऱ्यांत कर्करोगाने मृत्यू अधिक दिसल्याच्या एका अभ्यासावरून, त्यावर ठळक चौकटीत इशारा छापण्यात आला. आणि पुढील माहिती तपासून २०१८ मध्ये तो काढण्यात आला. संशय आला, नोंद झाली, तपास झाला, निर्णय बदलला. कुपीवाल्यांच्या व्यवहारात यातील एकही पायरी नाही. आणि प्रोस्टेटच्या कर्करोगपेशींची वाढ या चोवीस आम्लांच्या पेप्टाइडाने होते असेही काही प्रयोगशाळांनी नोंदविले आहे. तेव्हा ते पेप्टाइड निष्क्रिय असेल तर तरुणाचे पैसे बुडाले, आणि सक्रिय असेल तर त्याने कोणत्या पेशीस वाढण्याचा हुकूम दिला हे त्याला कधीच कळणार नाही.

'आयजीएफ-१' चेच 'एलआर-३' हे रूप ऑस्ट्रेलियात १९९० च्या आसपास घडविले गेले. त्यात तिसऱ्या स्थानी आर्जिनीन घालून आणि आरंभास तेरा आम्लांची पुस्ती जोडून, रक्तातील बंधक प्रथिनांस ते चिकटू नये अशी तजवीज केलेली आहे. त्याचा रास्त उपयोग कारखान्यातील पेशींच्या पोषणद्रव्यात होतो. तेच माणसास टोचणे म्हणजे रक्तातील साखर अकस्मात खाली जाण्याचा धोका पत्करणे होय.

शेजारच्या मुंबईने पुराव्याचा धडा फार पूर्वी गिरविलेला आहे. १८९७ च्या जानेवारीत डॉ. हाफकिन यांनी प्लेगची लस प्रथम स्वतःला टोचून घेतली. परंतु तेवढ्यावर न थांबता भायखळ्याच्या तुरुंगात टोचलेल्या आणि न टोचलेल्या कैद्यांची तुलना त्यांनी केली. बंदिवानांच्या संमतीचा प्रश्न आजच्या नीतीस खटकणारा आहे हे खरे, तथापि 'मला लागू पडले' या वाक्यावर ते वैद्यक थांबले नाही. व्यायामशाळेत मात्र आज हेच वाक्य अंतिम पुरावा म्हणून चालते, जणू मेहनत, आहार, झोप आणि तारुण्य यांचा त्या यशात काही वाटाच नव्हता.

कायद्याची बाजू पाहता, १९४० च्या औषध व सौंदर्यप्रसाधन अधिनियमाच्या कलम १८ अन्वये परवान्यावाचून औषधाची निर्मिती व विक्री निषिद्ध आहे, आणि २०१९ च्या नियमांप्रमाणे नव्या औषधाची माणसांवर चाचणी घेण्यास औषध महानियंत्रकांची पूर्वपरवानगी लागते. विक्रेते यातून 'केवळ संशोधनासाठी, मानवी वापरासाठी नाही' अशी चिठ्ठी चिकटवून सुटका करून घेतात, आणि त्याच कुपीशेजारी मात्रेचा तक्ता छापतात. ही चिठ्ठी प्रशासनाने एक दिवसही मान्य करता कामा नये. खेळाडूंच्या बाबतीत तर संशयास जागाच नाही: जागतिक उत्तेजकविरोधी संस्थेच्या निषिद्ध सूचीत 'मेकॅनो ग्रोथ फॅक्टर' नावानिशी आहे, २०२२ साली संसदेने उत्तेजकविरोधी अधिनियम संमत केलेला आहे, आणि २०२३ मध्ये भारतात तपासलेल्या ५६०६ नमुन्यांपैकी ३.८ टक्के सदोष निघाले, हे प्रमाण मोठ्या संख्येने नमुने तपासणाऱ्या देशांत सर्वाधिक होते.

सबब आमची मागणी अशी की, अन्न व औषध प्रशासनाच्या ठाणे कार्यालयाने नवी मुंबईच्या हद्दीत पोहोचणाऱ्या अशा कुप्यांचे नमुने मागवून त्यांत वेष्टनावर लिहिलेला पदार्थ आहे काय, तो निर्जंतुक आहे काय, आणि त्यात जिवाणूविष आहे काय, याचा तपास करावा, आणि अहवाल दफ्तरात न ठेवता व्यायामशाळांच्या दारावर मराठीत लावावा. महानगरपालिकेने व्यायामशाळांना परवानगी देताना आपल्या आवारात टोचणीचा व्यवहार होऊ न देण्याचे हमीपत्र घ्यावे. आणि या भागातील डॉक्टरांनी, गळू घेऊन किंवा साखर उतरून आलेल्या तरुणास दटावून परत पाठविण्याऐवजी, त्याने काय टोचले ते विश्वासाने विचारून त्याची नोंद देशाच्या औषधदक्षता कार्यक्रमाकडे पाठवावी. ती यंत्रणा २०१० पासून अस्तित्वात आहे आणि रुग्णालाही स्वतः तिच्याकडे नोंद करता येते.