चारशे दिवसांची फुशारकी

इंजिनिअरिंगच्या पोरांना दोन गोष्टींचा भारी अभिमान. एक, अभ्यास न करता सुटलेला विषय. दुसरी, चारशे दिवस रीबूट न झालेला सर्व्हर. पहिल्याबद्दल मी काय बोलणार! दुसऱ्याबद्दल मात्र बोलायलाच हवं.

चारशे दिवस रीबूट नाही म्हणजे चारशे दिवस तोच जुना कर्नल. अपडेट मारलं की नवा कर्नल डिस्कवर येऊन बसतो, मेमरीत मात्र जुनाच चालू राहतो. (लाइव्ह पॅचिंगची सोय २०१५ च्या ४.० पासून आहे, पण आपल्यात ती लावतो कोण?) ऑक्टोबर २०१६ मध्ये 'डर्टी काऊ' उघडकीस आलं. २००७ च्या २.६.२२ पासून लपलेली चूक, साध्या यूजरला थेट रूट करणारी! दुरुस्ती लगेच आली, पण ज्यांनी रीबूट केलं नाही त्यांचं दार उघडंच राहिलं.

आणि आपल्या फेस्टच्या व्हर्च्युअल सर्व्हरवर आहे काय? नाव नोंदवलेल्या पोरापोरींचे मोबाइल नंबर. दरवर्षी कमिटी बदलते, पासवर्ड पुढे जातो, जबाबदारी नाही. "चालतंय ना? मग हात लावू नकोस," हा सीनियर्सचा ठरलेला सल्ला.

गंमत म्हणजे २०१५ पॅटर्नला टीई आयटीच्या लॅबमध्ये स्वतःचा सिस्टिम कॉल घालून अख्खा कर्नल कंपाइल करायची असाइनमेंट होती. जर्नलवर सही झाली की विषय संपला! खऱ्या सर्व्हरवर रीबूट म्हटलं की हात थरथरतात.

भीती अगदीच खोटी नाही. मशीन परत आलंच नाही तर? म्हणून आधी सर्व्हर कुठल्या जातीचा ते बघा. ओपनव्हीझेड असेल तर वाड्यातल्या भाडेकरूसारखं आहे : खोली तुमची, पाया मालकाचा. कर्नल बदलणार तोच. त्याच्या मागे लागा. केव्हीएम असेल तर कर्नल तुमचा. स्नॅपशॉट घ्या, बूट पार्टिशनमध्ये जागा आहे का बघा, जुना कर्नल ग्रबच्या यादीत राहू द्या. प्रोव्हायडरचं कन्सोल आधीच उघडून ठेवा, कारण नेटवर्क उठलं नाही तर एसएसएच काय कामाचं?

यंदा चार्ज देताना पासवर्डच्या कागदावर आणखी दोन ओळी हव्यात : कर्नलचं व्हर्जन आणि शेवटच्या रीबूटची तारीख. नव्या कमिटीने त्या वाचल्याशिवाय सही करू नये.