सहा डॉलरमध्ये फिनिक्स



मुलांकडे अमेरिकेला जाऊन आलेल्या बायकांना एक प्रश्न विचारून बघा. तिथे कुणाच्या गाडीची वाट न बघता, स्वतःच्या मनाने, किती वेळा घराबाहेर पडलात? नायगारा, डिस्ने, मोठमोठे मॉल यांची यादी सगळ्या भराभर सांगतात. या प्रश्नावर मात्र बहुतेकजणी गप्प होतात. आमच्या ओळखीतल्या एक वहिनी सहा महिन्यांसाठी म्हणून गेल्या आणि दोन महिन्यांत परत आल्या. मुलगा चांगला, सून चांगली, कशाची ददात नव्हती. "घरात सगळं आहे हो, पण दाराबाहेर काहीच नाही," एवढंच त्या म्हणाल्या. त्यांना आपण 'करमलं नाही' असं म्हणून मोकळ्या होतो. मला वाटतं, दोष मनाचा नसतो, रस्त्याचा असतो.

माझा मुलगा अ‍ॅरिझोनात चँडलरला राहतो. फिनिक्स शहराला चिकटून अशी बरीच गावं आहेत, एक कुठे संपतं आणि दुसरं कुठे सुरू होतं ते कळत नाही. एकट्या फिनिक्सचं क्षेत्रफळ सुमारे १,३४० चौरस किलोमीटर, म्हणजे बृहन्मुंबईच्या दुपटीहून जास्त. आणि २०२० च्या जनगणनेत माणसं किती, तर १६ लाख! रस्ते गणिताच्या वहीतल्या चौकटींसारखे, मैला-मैलावर एक मोठा रस्ता. फुटपाथ छान बांधलेले, पण त्यावर चालणारं कुणी नाही. कोथिंबिरीच्या जुडीसाठीसुद्धा गाडी काढायची. ज्या बाईला गाडी चालवता येत नाही, ती तिथे सामानासारखी. कुणीतरी उचलून नेलं तर जायचं.

त्याच शहरात लाइट रेल आहे. ही आपल्या मेट्रोसारखी डोक्यावरून जात नाही, लोकलसारखी मोठीही नाही. रस्त्याच्या मधोमध तिच्या रुळांची वेगळी पट्टी असते, वर विजेची तार, आणि सिग्नलला तीही थांबते. स्टेशन म्हणजे रस्त्याच्या मध्यावरचा, छत असलेला एक ओटा. जिने नाहीत. डब्याची जमीन ओट्याच्या बरोबरीने येते, त्यामुळे पाऊल उचलायचंसुद्धा काम नाही. गुडघेदुखीवाल्यांनी हे वाक्य पुन्हा वाचावं. पहिली २० मैलांची लाइन डिसेंबर २००८ मध्ये सुरू झाली, ती वाढत वाढत आता बरीच लांब झाली आहे.

२०२५ च्या फेब्रुवारीत नातीच्या बारशासाठी मी आणि माझ्या विहीणबाई एकाच वेळी तिथे होतो. मी त्रेसष्ट, त्या सदुसष्ट. मुलाने आम्हाला सकाळी ऑफिसला जाताना प्राइस रोडच्या स्टेशनवर सोडलं. तिथे गाड्या ठेवायला मोठा तळ आहे. "आई, तुम्ही दोघी हरवलात तर?" असं त्याने तीन वेळा विचारलं. शेवटी विहीणबाई म्हणाल्या, "अहो जावईबापू, रुळावरची गाडी आहे, हरवायला जाणार कुठे?" दिवसभराचा पास माझा चार डॉलरचा, त्यांचा पासष्टीच्या पुढचा म्हणून दोनचा. एकूण सहा.

सांगायचं खूप आहे, पण सगळं सांगत बसत नाही. टेंपीला विद्यापीठाची मुलंमुली चढली, कुणी सायकल घेऊन; ती डब्यातल्या आकड्याला उभी टांगतात. मग गाडी तळ्यावरच्या पुलावरून गेली. कोरड्या पडलेल्या सॉल्ट नदीच्या पात्रात बांध घालून १९९९ मध्ये केलेलं हे तळं. पुढे ४४ व्या रस्त्याच्या स्टेशनाजवळ होहोकाम लोकांच्या जुन्या वस्तीचे अवशेष जपलेले आहेत. या लोकांनी शेकडो वर्षांपूर्वी हाताने कालवे खणून वाळवंटात शेती केली, आणि एकोणिसाव्या शतकात आलेल्या गोऱ्या वसाहतवाल्यांनी तेच बुजलेले कालवे उकरून नवं गाव वसवलं. राखेतून उठणाऱ्या पक्ष्याचं नाव गावाला पडलं ते त्यामुळे.

पण मला थांबायचंय ते इंडियन स्कूल रोडवर. ही पाटी मुलाच्या गाडीतून फ्रीवेवर मी कित्येकदा वाचली होती. गाडी ताशी शंभरच्या पुढे असते, पाटी येते आणि जाते. त्या दिवशी मात्र त्याच नावाचं स्टेशन आलं. विहीणबाई इचलकरंजीच्या शाळेतून निवृत्त झालेल्या शिक्षिका. "शाळा आहे म्हणता? मग उतरूया," म्हणाल्या.

शाळा आता नाही. तिथे मोठी बाग आहे, आणि बागेत जुन्या शाळेच्या तीन इमारती तेवढ्या राखल्या आहेत. ही शाळा 'आपल्या' इंडियन लोकांची नव्हे, तिथल्या मूळ रहिवासी जमातींच्या मुलांची. १८९१ मध्ये सरकारने काढली, १९९० पर्यंत चालली. सुरुवातीच्या काळात मुलांना घरापासून तोडून इथे ठेवत, त्यांचे केस कापत, लष्करी शिस्तीत कवायत करायला लावत, आणि आपली भाषा बोलायची बंदी असे. ज्यांचा सगळा मुलूख, त्यांच्या मुलांना त्याच मुलखात परकं करायची शाळा. विहीणबाई बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "आपल्या नातवाला कुणी बंदी केलेली नाही हो. तरी तो 'आजी'च्या पुढे मराठी बोलत नाही." यावर मी काय बोलणार? आम्ही झाडाखाली बसून दशम्या आणि शेंगदाण्याची बिनलसणाची चटणी खाल्ली. घरून आणलेलं उकळलेलं पाणी होतंच. (गाडीत खायला मनाई आहे, डबा बाहेरच उघडावा.)

दुपारी तीन स्टेशनं मागे येऊन हर्ड म्युझियममध्ये गेलो. १९२९ पासूनचं संग्रहालय. त्यात अशाच निवासी शाळांवर एक मोठं दालन आहे. सकाळी ती जागा पायांनी बघून आलो होतो म्हणून ते दालन आम्हाला वाचता आलं. मुलाने गाडीने नेलं असतं तर थेट दारात उतरून, तासाभरात फोटो काढून, परत गाडीत बसलो असतो.

आता हिशेब, कारण बी.कॉम. केलेल्या बाईला तो केल्याशिवाय चैन पडत नाही. प्राइस रोड ते इंडियन स्कूल रोड रेलने जवळजवळ तास लागतो, गाडीने त्याच्या निम्माही नाही. हे मान्य. पण ट्रिपल ए ही तिथली वाहनचालकांची संघटना दरवर्षी काढते त्या हिशेबाप्रमाणे, नवी गाडी बाळगण्याचा खर्च २०२४ मध्ये वर्षाला १२ हजार डॉलरच्या वर होता. घसारा, विमा, पेट्रोल, व्याज, देखभाल सगळं धरून. घसारा हा शब्द कॉलेज सुटल्यावर मी पहिल्यांदा तिथे वापरला आणि मुलगा हसला. त्यांच्या घरात गाड्या दोन. महिन्याला दोन हजार डॉलर नुसते दारात उभे असतात, तरी आजीला देवळात जायचं तर शनिवारची वाट बघायची. फिनिक्सचं आपलं मंदिरही या लाइनवर नाही, हे दुःख आहेच.

आपल्या गुणव्रतांत अनर्थदंडव्रत आहे. गरज नसताना केलेली हिंसा टाळावी, हे लहानपणी पाठशाळेत ऐकलेलं. एका माणसाला दीड-दोन टन लोखंड हलवत ब्रेड आणायला जाताना पाहिलं की मला ते आठवतं. मुलांना मी हे ऐकवत नाही. त्यांना दुसरा रस्ताच ठेवलेला नाही, तर त्यांना बोल कसला लावायचा?

रेलला नावं ठेवणारे तिथेही पुष्कळ. "त्यात बेघर लोक झोपतात" हे मला चार घरी ऐकायला मिळालं. खरं आहे, आमच्या डब्यात एकजण गोधडी पांघरून झोपला होता. त्याने आम्हाला काही केलं नाही, आम्ही त्याला काही केलं नाही. रात्रीचं मी सांगणार नाही, कारण आम्ही रात्री गेलोच नाही. दिवस मावळायच्या आत जेवायचं असल्याने आम्ही पाचलाच घरी होतो, सूर्यास्त सव्वासहाच्या सुमाराला होता. उन्हाळ्यात तर जाऊच नये. २०२३ मध्ये तिथे सलग ३१ दिवस पारा ४३ अंशांच्या वर होता, ओट्यावरची सावली त्याला पुरी पडणार नाही. आणि चँडलरपर्यंत लाइन येतच नाही, ही माझी मोठी तक्रार. ज्या गावांत आपली इतकी मुलं राहतात, तिथून स्टेशन गाठायलाच गाडी लागते.

तरी २०१९ मध्ये, रेल वाढवणं थांबवावं का, असं फिनिक्सच्या मतदारांना विचारलं तेव्हा त्यांनी मोठ्या बहुमताने नको म्हटलं. गाड्यांच्या शहरातले लोकही सगळे गाडीवर खूश नाहीत, असं मी त्यातून समजते.

तेव्हा मैत्रिणींनो, मुलगा-सून घर बघत असतील आणि तुमचं मत विचारत असतील, तर स्वयंपाकघर आणि देव्हाऱ्याची जागा बघून झाल्यावर स्टेशन किती लांब तेही विचारा. 'आई, इथे कुणी रेलने जात नाही' असं उत्तर येईल. येऊ दे. गेल्यावर्षीपासून फिनिक्समध्ये दोन लाइनी झाल्यात, उत्तरेकडे जायचं तर मध्य शहरात गाडी बदलावी लागते, एवढं लक्षात ठेवा. विहीणबाई यंदा एकट्याच गेल्यात. परवा त्यांचा फोन आला, आता मेसाच्या टोकापर्यंत जाऊन आल्यात, आणि येताना नातवाला बरोबर घेऊन जायचा विचार चाललाय म्हणाल्या. वाटेत स्टेशनं मराठीत मोजायची, अशी अट घातलीय.