मुलीचा वाटा

कॅलिफोर्नियातल्या एका गणेशोत्सवात ओळखीच्या बाईंनी मला बाजूला घेऊन हळूच विचारले, ‘‘माझाही पगार कापतील का हो?’’ लग्न नुकतेच झालेले. त्यांचे पहिले, नवऱ्याचे दुसरे. त्याच्या पे-स्लिपवर पहिल्या लग्नातील मुलीच्या पोटगीची कपात त्यांनी त्या आठवड्यात प्रथमच पाहिली होती. मागची थकबाकीही त्यात वसूल होत असल्याने आकडा मोठा होता.

त्यांचा पगार कापला जाणार नव्हता. कपातीचा हुकूम बापाच्या पगारावर असतो. कॅलिफोर्नियात पोटगी ठरवताना नव्या जोडीदाराचे उत्पन्न, अगदी अपवादात्मक प्रसंग सोडले तर, धरलेच जात नाही. नवऱ्याच्या या देण्यासाठी बायकोच्या कमाईला हात लावता येत नाही. अट एवढीच की ती कमाई, नवऱ्याला पैसे काढता येणार नाहीत अशा वेगळ्या खात्यात असावी. संयुक्त खात्यात ती मिसळली की हे संरक्षण डळमळते. दोघांनी मिळून भरलेल्या प्राप्तिकराचा परतावाही थकबाकीपोटी अडवला जाऊ शकतो. मग आपला वाटा मागण्यासाठी बायकोला ८३७९ क्रमांकाचा अर्ज करावा लागतो.

म्हणजे बाई कायद्याने मोकळ्या. पण घरभाडे दोघांचे असते, आणि कपात झालेल्या पगाराची झळ दोघांनाही लागते. कायद्याला हे अगदीच दिसत नाही असे नाही. कर वगैरे सक्तीच्या वजावटी जाऊन हाती उरणाऱ्या पगाराच्या जास्तीत जास्त ६० टक्के रक्कम पोटगीसाठी कापता येते; माणूस दुसरे कुटुंब पोसत असेल तर ५०. थकबाकी बारा आठवड्यांहून जुनी असेल तर दोन्हींत पाच टक्क्यांची भर पडते. नव्या संसाराला दिलेली सवलत ती दहा टक्क्यांची.

ही सवलत तुटपुंजी आहे, असे त्या बाईंना वाटले. मला ती योग्य वाटते. नवा संसार मांडणारे दोघे प्रौढ आहेत, त्यांनी निवड केलेली असते. मुलीने काहीच निवडलेले नसते. शिवाय पैसा बापाच्या हाती येण्याआधीच वेगळा निघाला, की त्याचे देणे त्याच्या मर्जीवर किंवा नव्या घरातल्या भांडणावर अवलंबून राहत नाही. १९८४ साली अमेरिकेच्या संघीय कायद्याने थकबाकीदारांच्या पगारातून कपात सर्व राज्यांना बंधनकारक केली. १९८८ च्या कायद्याने, काही अपवाद ठेवून, नव्या हुकुमांच्या बाबतीत थकबाकी होण्याची वाट पाहणेही टप्प्याटप्प्याने बंद केले.

या यंत्राला दयामाया कमी, हेही खरे. नोकरी गेलेल्या बापाने वेळीच न्यायालयात जाऊन रक्कम कमी करून घेतली नाही, तर थकबाकी साचत राहते. आणि १९८६ पासून एकदा साचलेली थकबाकी न्यायालयालाही मागाहून माफ करता येत नाही. गरीब बाप यात भरडला जातो. पण त्यावर उपाय आहे तो हुकुमाचा आकडा लवकर आणि सहज बदलून मिळण्याचा. कपात थांबवणे हा उपाय नव्हे.

आपल्याकडचे चित्र त्या बाईंनाही ठाऊक होते. भारतात २००५ च्या कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायद्यानुसार दंडाधिकारी नोकरी देणाऱ्यालाच पगाराचा हिस्सा परस्पर द्यायला सांगू शकतो. पण नवऱ्याने रक्कम चुकवल्यानंतर, आणि तेही ‘सांगू शकतो’, ‘सांगावे’ नव्हे. फौजदारी संहितेच्या कलम १२५ खाली, म्हणजे १ जुलै २०२४ पासून नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १४४ खाली, वसुलीचे वॉरंट हवे असेल तर रक्कम देय झाल्यापासून वर्षाच्या आत अर्ज करावा लागतो. हुकूम मिळवलेल्या आईनेच पुन्हा पुन्हा कोर्टाची पायरी चढायची. मुलाची शाळेची फी मात्र त्या तारखांसाठी थांबत नाही.

बाईंना मी वेगळे खाते उघडायला सांगितले. आणि त्या मुलीचे नाव विचारले. ते त्यांना माहीत नव्हते.