रविवारची हवा

डिसेंबर उजाडला की रविवारी सकाळी दाजींना फोन करायचा आणि दोन्हीकडच्या हवेची तुलना मांडायची, हा आमचा जुना शिरस्ता. मी साताऱ्यात, ते सांगली जिल्ह्यात, तासगावकडे.

आम्हा सातारकरांना थंडीचा भारी अभिमान. त्यातून महाबळेश्वरला वेण्णा तलावाकाठी दव गोठले, की विचारूच नका! वास्तविक थंड, जड हवा रात्री तलावाकाठच्या खोलगट भागात साचते. उंचावरच्या वेधशाळेत पारा त्याच पहाटे बराच वर असतो. फुशारकी मारताना आम्ही आकडा मात्र तलावाचाच सांगतो.

एका डिसेंबरात शनिवारपासून आभाळ भरून आले, भुरभुर सुरू झाली. मी फोनवर म्हणालो, "झकास हवा पडलीय दाजी, भजी तळायला घेतलीत."

पलीकडे क्षणभर शांतता. मग, "आमच्याकडंबी तीच हवा हाय. पहाटेपासनं दुसरी फवारणी चाललीय."

ऑक्टोबर छाटणीची द्राक्षे तेव्हा कोवळी असतात आणि ओल्या, ढगाळ हवेत दावण्या बघता बघता घडांवर पसरतो. त्या साली दाजींची बाग गेली.

मला हे ठाऊक नव्हते असे नाही. बँकेत असताना द्राक्षाची कर्जप्रकरणे मीच मंजूर करीत असे. सात-बारा, बोजा, जामीनदार, सगळे तपासायचो. आभाळाचा रकाना अर्जात नव्हता; थकबाकीच्या नोटिशीवर सही करताना मीही तो शोधला नाही. गोठलेल्या दवाचे छायाचित्र आपण हौसेने पाहतो, ढगांचे कोण काढणार?

हल्ली मी आधी तिकडचे आभाळ विचारतो. परवा दाजी म्हणाले, "लख्ख ऊन हाय. आता सांगा तुमची थंडी."